प्रतिसाद: आरोग्यदूताने श्वास मोजायचे कसे?

गडचिरोलीत 'सर्च' या आरोग्यसंस्थेच्या आरोग्यदूत (गावातल्या प्रशिक्षित आरोग्यसेविका) घरी जाऊन फक्त नवजात बाळाचं वजन करतात का, असं एकाने विचारलंय. नाही. श्वास मोजणं तितकंच मोलाचं, आणि चूकही तिथेच जास्त होते. नवजात बाळाचा श्वास अनियमित असतो. म्हणून १५ सेकंद मोजून चारने गुणू नका. पूर्ण मिनिट मोजा. बाळ रडत किंवा पीत असेल तर थांबा. आकडा ६० किंवा जास्त आला तर पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तसाच आला तर लगेच रुग्णालय गाठा. छाती आत ओढली जात असेल तर आकड्याची वाट बघूच नका.

वजनाबाबत एकच: रिकामी झोळी अडकवूनच काटा शून्यावर आणा, नाहीतर झोळीचं वजन धरून आकडा जास्त दिसतो आणि कमी वजनाचं बाळ लक्षातच येत नाही.