हृदयाच्या तपासण्या: ईसीजीपासून अँजिओग्राफीपर्यंत तुमचे अनुभव

ईसीजी, इको, टीएमटी ही नावं सगळ्यांच्या कानावरून गेलेली असतात. आत नेल्यावर नेमकं काय करतात, रिपोर्टवरून काय कळलं, काय नाही, ते लिहा. औषधं मात्र कुणी कुणाला सुचवू नका.

—

बाबांच्या छातीवर दडपण आलं. ईसीजी नॉर्मल, आम्ही घरी निघायच्या बेतात. डॉक्टरांनी थांबवून घेतलं. ईसीजी म्हणजे जेमतेम दहा सेकंदांची नोंद, म्हणाले. रक्तातलं ट्रोपोनिन तपासलं, काही तासांनी पुन्हा तपासलं, कारण हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर ते वाढायला वेळ लागतो. दुसऱ्या वेळी वाढलेलं निघालं आणि बाबा थेट आयसीयूत. आता बरे आहेत, पथ्यावरून भांडण्याइतके.

—

माझी टीएमटी. छातीला इलेक्ट्रोड, दंडाला बीपीचा पट्टा, आणि ट्रेडमिलवर दर ३ मिनिटांनी वेगही वाढतो, चढही. २२० वजा वय, त्याच्या ८५ टक्के ठोके गाठायचे. पन्नाशीत साधारण १४५. पायात बूट हवेत. रिपोर्ट पॉझिटिव्ह, म्हणजे ब्लॉकेजची शंका! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पुढे सीटी अँजिओत (डाय टोचून काढलेल्या हृदयाच्या धमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) धमन्या स्वच्छ निघाल्या. बायकांची टीएमटी अशी उगाच पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं म्हणे. हे आधी सांगितलं असतं तर झोप तरी लागली असती.

—

टू-डी इको: डाव्या कुशीवर झोपवतात, गार जेल, बरगड्यांमधून प्रोब दाबतात. बस. माझा ईएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदयाचा डावा कप्पा आतलं किती रक्त बाहेर टाकतो ते प्रमाण, ६० टक्के. पण इकोत पंपिंग आणि झडपा दिसतात, धमन्यांतलं ब्लॉकेज थेट दिसत नाही. ‘इको चांगला आहे ना, मग झालं’ म्हणणाऱ्यांना हे सांगून थकलो.

—

मला धडधड व्हायची, आणि ईसीजी काढायला जावं तर ठोके अगदी शहाण्या मुलासारखे! शेवटी २४ तासांचा होल्टर लावला, म्हणजे सतत ईसीजी नोंदवणारं छोटं यंत्र. ते कमरेला, अंघोळ बंद, आणि हातात वही: धडधड कधी झाली, तेव्हा काय करत होतात. गंमत म्हणजे वहीतली सगळी धडधड निरुपद्रवी ठरली. खरी अनियमितता पहाटे झोपेत सापडली, जिचा मला पत्ताच नव्हता.

—

टीएमटीवाल्या ताई, सीटी अँजिओच्या आधी काही गोळी दिली होती का? माझी पुढच्या आठवड्यात आहे.

—

हो, ठोके साठच्या आसपास यावेत म्हणून. रक्तातलं क्रिएटिनिनही आधी पाहिलं, किडनी नीट चालते का ते कळायला, डाय किडनीतून बाहेर पडतो ना. डाय जाताना अंगभर गरम वाटतं, लघवी झाली की काय अशी शंका येते. झालेली नसते.