उत्तर: सरचार्ज आणि दुकानदारांची ओरड

कार्डाने पैसे देणाऱ्या गिऱ्हाइकाकडून दुकानदार जी जादा रक्कम घेतात, म्हणजे सरचार्ज, त्याबद्दल कुणीतरी म्हटलंय, 'जादा पैसे घेऊ नका म्हटलं की दुकानदारांच्या पोटात दुखणारच'. अर्धं मान्य. पण न्यूयॉर्कातल्या दुकानदारांचं भांडण नुसतं पैशांचं नव्हतं. तिथल्या 1984 च्या कायद्याची गंमत बघा: '103 डॉलर, रोख दिलेत तर 3 सूट' हे चालायचं, 'किंमत 100, कार्डाला 3 जास्त' म्हटलं की गुन्हा, 500 डॉलरपर्यंत दंड किंवा वर्षभर कैद! गिऱ्हाइकाच्या खिशातून जातात तेवढेच. एका सलूनसह पाच धंदेवाले कोर्टात गेले आणि 2017 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने मान्य केलं की हा कायदा किमतीवर नाही, ती सांगण्याच्या भाषेवर बंधन घालतो.

फेब्रुवारी 2024 पासून तिथे कार्डाची पूर्ण किंमत आधीच दाखवावी लागते. नुसती 'कार्डावर 3% जादा' अशी पाटी चालत नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किराणा दुकान असलेल्या आमच्या मित्राने रविवारभर बसून प्रत्येक फळीवर 3.99 च्या शेजारी 4.11 चिकटवलं. गिऱ्हाईक विचारतं, 'भाव वाढवलात का?' तो आता उत्तरच देत नाही, रोख-कार्ड लिहिलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवतो.