'आयडी' कमांड मारली की फक्त प्रायमरी ग्रुप दिसतो: ओपनएलडीएपी आणि एसएसएसडी

प्रश्न:
नमस्कार मंडळी. सर्व्हर डेबियन १२ वर ओपनएलडीएपी २.५ (युजर आणि ग्रुपची माहिती ठेवणारी डिरेक्टरी), नव्या मशीनवर एसएसएसडी (ती माहिती मशीनला पुरवणारा क्लायंट). लॉगिन व्यवस्थित होतं, गेटेंट पासडब्ल्यूडी (युजरची नोंद दाखवणारी कमांड) बरोबर. पण 'गेटेंट ग्रुप विकास' केलं की 'विकास:*:५००१:' एवढंच, शेवटच्या कोलनपुढे, सदस्यांच्या जागी, कोरं. एनएसएलसीडी (असाच दुसरा क्लायंट) असलेल्या जुन्या मशीनवर तेच ग्रुप सदस्यांसकट दिसतात. लॉगमध्ये एरर नाही.

उत्तर १:
एरर येणारही नाही. क्लायंट चुकीच्या ॲट्रिब्यूटमध्ये (एंट्रीतल्या रकान्यात) सदस्य शोधतोय. तिथे काही नाही, म्हणून ग्रुप रिकामा असं तो समजतो. आधी एलडीएपीसर्चने (डिरेक्टरीत शोधणारी कमांड) त्या ग्रुपची एंट्री बघा. 'मेंबरयूआयडी: स्नेहा' असं नुसतं लॉगिननाव असेल तर सर्व्हर १९९८ च्या आरएफसी २३०७ (युजर-ग्रुप डिरेक्टरीत कसे ठेवायचे याचा नमुना) प्रमाणे आहे. 'मेंबर'मध्ये अख्खा डीएन (सदस्याच्या एंट्रीचा डिरेक्टरीतला पूर्ण पत्ता) असेल तर आरएफसी २३०७ बिस, म्हणजे त्याची सुधारित आवृत्ती. आता एसएसएसडीच्या कॉन्फिगमध्ये एलडीएपी_स्कीमा (यातला कोणता नमुना मानायचा ते) काय लिहिलंय?

प्रश्नकर्ता:
सर्व्हरवर मेंबरयूआयडी, क्लायंटवर आरएफसी२३०७बिस. कॉन्फिग दुसरीकडून उचलली होती.

उत्तर १:
मग तेच. आरएफसी२३०७ करा (किंवा ओळच काढा, डीफॉल्ट तोच आहे). एसएसएसडी थांबवून व्हार/लिब/एसएसएस/डीबी मधल्या एलडीबी फायली (त्याने साठवलेली माहिती) उडवा आणि मग सुरू करा. एसएसएस_कॅश कमांडने नोंदी फक्त शिळ्या ठरतात, स्कीमा बदलताना तेवढ्यावर भागवू नका. फायली उडवल्या की साठवलेले पासवर्डही जातात, तेव्हा लॅपटॉप नेटवर्कवर असतानाच करा.

प्रश्नकर्ता:
झालं, ग्रुप दिसले. पण एका वेब ॲप्लिकेशनला मेंबरऑफ (युजरच्या एंट्रीतच त्याच्या ग्रुपांची यादी) हवंय. म्हणून ग्रुपला ग्रुपऑफनेम्स (सदस्य 'मेंबर'मध्ये ठेवणारा ऑब्जेक्ट क्लास, म्हणजे एंट्रीचा प्रकार) जोडायला गेलो, तर एरर ६५, ऑब्जेक्ट क्लास व्हायोलेशन.

उत्तर २:
एनआयएस स्कीमात (ओपनएलडीएपीमधली आरएफसी २३०७ ची फाईल) पॉसिक्सग्रुप, म्हणजे तुमच्या ग्रुपांचा सध्याचा क्लास, स्ट्रक्चरल (एंट्रीचा मूळ प्रकार) आहे आणि ग्रुपऑफनेम्सही स्ट्रक्चरल. एकातून दुसरा निघालेला नाही, म्हणून एका एंट्रीत दोन्ही बसत नाहीत. बिसमध्ये पॉसिक्सग्रुप ऑक्झिलरी (वरून जोडता येणारा) केलाय, तिथे बसतात. मात्र दोन्ही स्कीमा शेजारी शेजारी लोड करू नका; ओआयडी (व्याख्यांचे ओळख क्रमांक) तेच असल्यामुळे स्लॅपडी (ओपनएलडीएपीचा सर्व्हर) 'डुप्लिकेट' म्हणून ओरडेल.

चालू सर्व्हरवर हे होत नाही. स्लॅपडी बंद करा, स्लॅपकॅटने कॉन्फिग (-एन ०) आणि डेटा (-एन १) बाहेर काढा, मूळ प्रती बाजूला ठेवा. कॉन्फिगमध्ये एनआयएसचा भाग काढून त्याच जागी बिसचा टाका, मेंबरला इक्वॅलिटी इंडेक्स द्या. डेटात प्रत्येक ग्रुपला ग्रुपऑफनेम्स आणि मेंबरच्या ओळी घाला. हमखास विसरली जाणारी ओळ म्हणजे स्ट्रक्चरलऑब्जेक्टक्लास: तिथे पॉसिक्सग्रुपचं ग्रुपऑफनेम्स करा, नाहीतर स्लॅपॲड (डेटा परत भरणारी कमांड) अडतो. कॉन्फिग रिकाम्या डिरेक्टरीत भरा, मग डेटासाठी आधी -यू देऊन कोरडी चाचणी, नंतर खरं भरणं. रूट म्हणून चालवलं असेल तर सगळ्या फायलींची मालकी ओपनएलडीएपी युजरला परत द्या, त्याशिवाय स्लॅपडी उठणार नाही.

ग्रुपऑफनेम्सला किमान एक मेंबर लागतो. रिकामे ग्रुप असतील तर आधीच ठरवा: काढायचे की एखादा डमी डीएन ठेवायचा.

उत्तर १:
दोन गोष्टी जोडतो. मेंबरयूआयडी लगेच काढू नका. बिसमध्येही तो चालतो, त्यामुळे आरएफसी२३०७ वर ठेवलेले क्लायंट बंद पडत नाहीत; एकेक करून बिसवर आणा. तोवर प्रत्येक बदल मेंबर आणि मेंबरयूआयडी दोन्हीकडे करावा लागेल, त्याला छोटी स्क्रिप्ट ठेवा. दुसरं, मेंबरऑफ ओव्हरले (मेंबरऑफ भरणारा स्लॅपडीचा जोड-भाग) स्लॅपॲडच्या वेळी चालत नाही, जुन्या सदस्यांना मेंबरऑफ मिळणारच नाही. २.५ मध्ये तो तसाही 'यापुढे वापरू नका' असा ठरवलाय, त्याऐवजी डायनलिस्ट ओव्हरले वापरा. ते विचारल्यावर हिशोब करतं, मागचं भरायची गरज नाही.

प्रश्नकर्ता:
कोरड्या चाचणीत तीन ग्रुप अडकले, तिन्ही रिकामे. काढून टाकतो.