शब्दचर्चा : कन्नड ‘खुलासे’, ‘वजा’ आणि आपलं ‘अपील मंजूर’

खानापूरकर : कन्नड पेपरात ‘आरोपी खुलासे’ असा मथळा असतो. आरोपीनं खुलासा दिला, असा अर्थ का?

वकील, बेळगाव : नाही ओ. तिथं ‘खुलासे’ म्हणजे निर्दोष सुटका. तशीच फसगत ‘वजा’ची: ‘मेल्मनवी वजा’ म्हणजे अपील फेटाळलं; ते आरोपीचं असेल तर शिक्षा कायम. आणि ‘पुरस्करिसिदे’ वाचून कुणाला बक्षीस मिळालं असं समजू नका. अपील मंजूर झालं, एवढंच.

निपाणीकर : मंजूर झालं म्हणजे माणूस सुटलाच की.

वकील, बेळगाव : घोळ इथंच होतो. सुटेल किंवा नाही. महत्त्वाच्या साक्षीवेळी आरोपीला वकीलच दिला नव्हता, असं काही निघालं तर शिक्षा रद्द होऊन फेरसुनावणीचा आदेश होऊ शकतो. तो आरोपीच राहतो, खटला खालच्या कोर्टात परत. याला ‘खुलासे’ म्हणू नये. कधी कलम बदलतं: भारतीय दंड संहितेतलं खुनाचं ३०२ जाऊन सदोष मनुष्यवधाचं ३०४ भाग २ लागलं की जन्मठेपेऐवजी जास्तीत जास्त १० वर्षं. (१ जुलै २०२४ पासूनच्या गुन्ह्यांना भारतीय न्याय संहितेची १०३ आणि १०५.) कधी दोष कायम, शिक्षा तेवढी कमी. अशा निकालांवर ‘अंशतः मंजूर’ लिहिलेलं असतं. शिक्षेला स्थगिती मिळाली तर मात्र काहीच मंजूर झालेलं नसतं, अपील चालूच असतं.

कडोलीकर : निर्दोष सुटला तर ‘दोषमुक्त’ लिहावं का?

वकील, बेळगाव : मी टाळतो. आरोप निश्चित होण्याआधीच नाव वगळलं, म्हणजे डिस्चार्ज, तरी पेपरवाले ‘दोषमुक्त’च छापतात. ‘निर्दोष मुक्तता’ लिहा, शंका राहत नाही.

निपाणीकर : आपलं मराठी ‘वजा’ कोर्टात कुठंच नाही?

वकील, बेळगाव : आहे की! कच्च्या कैदेचे दिवस वजा होतात. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम ४२८, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं ४६८. शिक्षा ७ वर्षांवरून ५ वर आली आणि निकालाआधी १४ महिने आत काढले असतील, तर ३ वर्षं १० महिने धरायचे. निकालानंतर भोगलेले दिवस त्यातूनच जातात.

खानापूरकर : हायकोर्टाच्या धारवाड खंडपीठानं सोडलं की हिंडलगा जेलमधून त्याच दिवशी बाहेर?

वकील, बेळगाव : धरून चालू नका. आदेश खालच्या कोर्टामार्फत जेलपर्यंत पोचावा लागतो. नावात, केस नंबरात फरक पडला की अडतं. दुसऱ्या गुन्ह्यात हवा असेल तरीही अडतं. दंड भरला असेल तर आदेशात ‘परत करावा’ हे शब्द आहेत का, तेही बघून घ्या. नसले की नवा अर्ज.