मदत हवी आहे : कार्पल टनेलच्या ऑपरेशननंतर तळहात अजून दुखतोय

उजव्या हाताचं ऑपरेशन (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं) होऊन ७ आठवडे झाले. रात्री मुंग्यांनी झोपमोड व्हायची, ती पहिल्याच आठवड्यात थांबली, याचं खूप समाधान आहे. पण तळहाताच्या बुडाशी, टाक्यांच्या दोन्ही बाजूंना, दाब पडला की कळ येते. खुर्चीच्या हातावर रेटा देऊन उठता येत नाही. काल बरणीचं झाकण फिरवायला गेले, अंगठ्याखाली अशी सणक आली की बरणी खाली ठेवावीच लागली. डॉक्टर म्हणाले, याला पिलर पेन म्हणतात, ३ ते ६ महिनेही लागू शकतात, पकडीची ताकद हळूहळूच येते. पटतंय, पण धीर सुटतो.

व्रणाला दिवसातून दोन-तीनदा तेल लावून चोळते, बोटांचे व्यायाम करते. तर्जनीचं टोक मात्र अजून बधिर आहे, शर्टाचं बटण चाचपून कळत नाही.

ज्यांचं हे ऑपरेशन झालंय त्यांनी कृपया सांगा, तळहातावर भार देणं तुम्हाला कधी जमलं? पिळणं, चिरणं कधी सुरू केलं? बोटाचा बधिरपणा गेला का? डाव्या हाताचंही करायचंय, म्हणून जास्तच काळजी वाटते.