मदत हवी आहे: बाबा एकटेच शिकारीला जातात, रेंज नसलेल्या रानात ठावठिकाणा कसा कळावा?

नमस्कार मंडळी,

बाबांनी साठी ओलांडली आहे. परवाना, बंदूक, हंगाम सगळं रीतसर सांभाळून शिकार करतात, पण जातात एकटे. बरोबरीचे सोबती आता गुडघ्यांपायी घरी बसलेत. 'जाऊ देऊ नका' हा सल्ला कृपया नको. तो आईने देऊन झालाय आणि बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखा करून झालाय.

अडचण अशी की गाडी लावतात तिथपर्यंतच रेंज असते. "पोचलो" एवढा मेसेज येतो आणि पुढे शांतता. व्हॉट्सअॅपवर आठ तासांचं लाइव्ह लोकेशन लावून दिलं, तर ठिपका गाडीपाशीच थिजतो. अंधार पडला की आई सारखी तो ठिपका उघडून बघते आणि मला विचारते, "अजून तिथंच कसे गं?"

रेंजशिवाय चालणारं काही आहे का? बाबांना टायपिंगचा भयंकर कंटाळा आहे. शिवाय उशीर झाला तर कधी आणि कुणाला फोन करायचा हेही आमचं ठरलेलं नाही.

रानवेडा:
ताई, उपकरणाचं नंतर बघू, आधी कागद. गाडी कुठे लावणार, कुठल्या वाटेने आत जाणार, कोणत्या मचाणावर बसणार, गाडीपाशी किती वाजता परत येणार, हे निघण्याआधी लिहून घरी ठेवायचं. त्याखाली दुसरी वेळ लिहायची: तोपर्यंत निरोप आला नाही तर मदतीसाठी फोन. परतायची वेळ सात असेल तर फोनची नऊ. मधल्या दोन तासांत जीव टांगणीला लावायचा नाही, आणि नऊनंतर "उगाच बोभाटा झाला तर बाबा ओरडतील" म्हणून थांबायचं नाही. तो क्रमांकही त्याच कागदावर हवा. सोबत गाडीचा नंबर, अंगावरच्या कपड्यांचा रंग आणि चालू औषधं.

पण शिकारीत खरी मेख पुढेच आहे. मचाणावर बसलेला माणूस कागदावर लिहिलंय तिथेच सापडतो. बार झाला आणि सावज जखमी होऊन पळालं की तो रक्ताच्या मागावर निघतो. नजर खाली, पानापानावरचा थेंब शोधण्यात. ओढा कधी ओलांडला, टेकडी कुठल्या हाताला राहिली, लक्षात राहत नाही. त्यात बहुतेकदा वेळ दिवस मावळतीची. म्हणून बाबांकडून एकच वचन घ्या: माग काढायला उठण्याआधी निरोप. बाकीचे निरोप चुकले तर चालेल, हा चुकता कामा नये.

सिग्नलवाला:
रेंजशिवाय चालणारे दोन प्रकार आहेत. पहिला पीएलबी, म्हणजे पर्सनल लोकेटर बीकन, संकटाचा संदेश पाठवणारं छोटं यंत्र. अँटेना उघडायचा, बटण दाबायचं. 406 मेगाहर्ट्झवरचा संदेश कोस्पास-सारसॅट या आंतरराष्ट्रीय शोध-बचाव व्यवस्थेच्या उपग्रहांमार्फत बचाव यंत्रणेकडे जातो. मासिक वर्गणी नाही, चालू केल्यावर किमान 24 तास संदेश पाठवत राहतो. घेतल्यावर नावाने नोंदणी करा आणि तुमचा नंबर द्या, म्हणजे शोध सुरू करण्याआधी चौकशीचा फोन तुम्हाला येईल. पण त्यातून "उशीर होतोय, काळजी नको" असं कळवता येत नाही. तो फक्त जिवावर बेतल्यावर.

तुमच्या घरासाठी दुसरा प्रकार बरा: सॅटेलाइट मेसेंजर, उदाहरणार्थ गार्मिनचं इनरीच. वर्गणी भरावी लागते, पण आधी लिहून ठेवलेला मेसेज ठिकाणासकट पाठवता येतो, घरून उत्तरही जातं. दाट झाडीखाली मेसेज जायला वेळ लागतो, मोकळं आभाळ हवं. आयफोन 14 पासून पुढे सॅटेलाइटवरून एसओएस आहे, मात्र सगळ्या देशांत नाही. आणि काही देशांत अशी उपकरणं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, ते खरेदीआधीच बघा.

धागाकर्ती:
मनापासून आभार. रानवेडा, मागाची गोष्ट बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "लिहिणारा रानात गेलेला दिसतोय." तीन मेसेज कबूल झालेत: 'बसलो', 'मागावर निघालो', 'गाडीकडे निघालो'. आता म्हणतात, मग मोबाइल घरीच ठेवतो!

सिग्नलवाला:
मुळीच नको. फोनमधलं जीपीएस रेंजशिवाय चालतं, फक्त नकाशा आधी उतरवून ठेवा. आत शिरल्यावर एअरप्लेन मोड लावायचा, नाहीतर टॉवर शोधण्यातच बॅटरी संपते. थंडीत आतल्या खिशात ठेवायचा. आणि टेकाडावर एअरप्लेन मोड काढून बघायचं, रेंजची एखादी दांडी आलीच तर साधा एसएमएस. कॉल आणि डेटा चालत नाही तिथूनही तो कधीकधी निघून जातो.

मचाणकाका:
सगळे लोकेशनमागे लागलेत, मचाणाबद्दल कोणीच विचारलं नाही. बाबा पूर्ण अंगाचा हार्नेस, म्हणजे पडताना झेलणारे पट्टे, घालतात का? बसलेला माणूस सहसा पडत नाही, चढता-उतरताना पडतो. म्हणून पट्टा जमिनीपासूनच झाडाला वरून खालपर्यंत बांधलेल्या दोरीला अडकवायचा. बंदूक रिकामी करून मागाहून दोरीने वर ओढायची.

हार्नेसने झेललं तरी लटकत राहणं वाईट. मांडीच्या पट्ट्यांनी रक्त पायांत साचतं आणि थोड्याच वेळात शुद्ध हरपू शकते. पाय टेकवायला सैल पट्टा जवळ हवा. आणि ते मेसेंजर छातीच्या खिशात. झाडाखालच्या पिशवीत राहिलं तर त्याचा काय उपयोग? शिट्टीही गळ्यात असू द्या, तीन लांब फुंका म्हणजे मदतीची हाक. तीन बारांचीही जुनी रीत आहे, पण हंगामात बाराकडे कोण लक्ष देतंय!

धागाकर्ती:
हार्नेस आहे. खुंटीवर. आज बोलणं होणार. शेवटचं विचारते, मेसेज आईच्या फोनवर यावेत की माझ्या?

रानवेडा:
दोघींच्या. पण नऊ वाजता फोन कोण करणार ते एकाच व्यक्तीकडे द्या, तुमच्याकडेच. नाहीतर तिने केला असेल असं दोघींनाही वाटेल. उपकरण आलं की आधी मोकळ्या जागेत उभं राहून बाबांना स्वतःच्या हाताने तिन्ही मेसेज पाठवायला लावा, जाडे हातमोजे घालूनसुद्धा. एसओएसचं बटण तेवढं सरावासाठी दाबू नका.