फेब्रुवारीत शाळा बुडवून मुलांना केरळला न्यावे का?

प्रश्न : दोन मुलांची आई, राजारामपुरी, कोल्हापूर

माझी मुलगी सहावीत आणि मुलगा तिसरीत आहे. गेली तीन वर्षे आम्ही केरळला जाण्याचे ठरवतो आणि दर वेळी पैशांपाशी गाडी अडते. या वर्षी एका प्रवास कंपनीने चौघांसाठी मे महिन्यातील सहलीचे ९२ हजार रुपये सांगितले आहेत; तीच सहल, तीच हॉटेले आणि तितकेच दिवस, परंतु फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, ६१ हजारांत होते. आमच्यासारख्या एका पगारावर चालणाऱ्या घरात ३१ हजार रुपये म्हणजे मुलीच्या वर्षभराच्या शिकवणीची फी आहे. मात्र त्यासाठी शाळेचे पाच दिवस बुडतील.

जाऊबाई म्हणाल्या, "तापाचा अर्ज देऊन टाका, सगळे तेच करतात." मी अर्ज लिहायला बसलेही होते. मुलगी शेजारीच बसून वाचत होती. तिने विचारले, "आई, मग परत आल्यावर मी मैत्रिणींना केरळबद्दल काहीच सांगायचे नाही का?" पेन तिथेच थांबले. तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. जाणकारांनी मनापासून सल्ला द्यावा, ही विनंती.

उत्तर १ : निवृत्त शिक्षिका, कसबा बावडा

ताई, आपण अर्ज पुरा केला नाहीत, हे फार चांगले झाले. मी ३१ वर्षे प्राथमिक आणि माध्यमिक वर्गांना गणित शिकवले. पाच दिवसांनी मुलाचे वर्ष वाया जात नाही, हे मी प्रथम सांगते. पण पाच दिवस कोणते, याला महत्त्व असते. भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज शिकवताना पहिल्या दिवशी छेद समान का करायचे हे कागदाच्या घड्या घालून दाखवावे लागते, दुसऱ्या दिवशी लसावि, तिसऱ्या दिवशी उदाहरणे. ज्या मुलाचा पहिला दिवस हुकतो ते मूल पुढे रीत पाठ करते; उत्तरे बरोबर येतात, म्हणून घरी कोणाच्या लक्षात येत नाही आणि बीजगणित आले की तेच मूल अडखळू लागते. वही उतरवून घेतल्याने ही उणीव भरत नाही.

कायद्याचे म्हणाल, तर शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० दिवस शाळा भरवण्याचे बंधन आहे, पण ते शाळेवर आहे. आठवड्याभराच्या सहलीसाठी त्या कायद्यात पालकांना दंड नाही. दहावीला बसण्यासाठी मात्र ७५ टक्के उपस्थिती लागते.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती आपल्याला दोष देण्यासाठी नव्हे. आपल्याच जिल्ह्यात ऊसतोडीच्या हंगामात मराठवाड्यातून आलेली मुले आईवडिलांबरोबर फडात असतात आणि त्यांची शाळा महिनोन्महिने सुटते. अशी मुले माझ्या वर्गात चार दिवसांसाठी येऊन बसत, तेव्हा फळ्याकडे ज्या नजरेने पाहत ती मी विसरलेले नाही. म्हणून शाळेचा दिवस मला स्वस्त वाटत नाही.

उत्तर २ : नागाळा पार्कमधील एक वाचक

माझी धाकटी बहीण इंग्लंडमध्ये राहते आणि तिच्याकडे हा प्रश्न दर वर्षी पेटतो. तिथे परवानगीशिवाय पाच शालेय दिवस बुडवले की दंडाची नोटीस येऊ शकते. ऑगस्ट २०२४ पासून हा दंड प्रत्येक पालकामागे आणि प्रत्येक मुलामागे ८० पौंड आहे आणि तो २१ दिवसांत न भरल्यास १६० होतो. म्हणजे आईवडील आणि दोन मुले असतील तर ३२० पौंड. एका वडिलांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढा दिला. मुलीची एरवीची हजेरी उत्तम आहे, असा त्यांचा मुद्दा होता. २०१७ मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. तरीही अनेक कुटुंबे दंड भरून जातात, कारण सुट्टीतील विमानभाडे दंडाहून अधिक वाढलेले असते. दंडाने भाडे कमी होत नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्या कोल्हापुरालाही असा दंड परका नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, तेव्हा मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दरमहा एक रुपया दंड ठेवला होता. तो रुपया सहलीसाठी नव्हता, शेतात आणि गुरांमागे अडकलेल्या मुलांसाठी होता. दोन्ही दंडांची तुलना करताना हा फरक लक्षात ठेवावा.

उत्तर ३ : गुजरीतील एक व्यावसायिक

माझी बाजू थोडी वेगळी आहे. आमचा सराफीचा व्यवसाय आहे. दिवाळीत आणि मे महिन्यातील लग्नसराईत दुकान सोडणे अशक्य असते. आम्हाला उसंत मिळते ती पितृपक्षात, कारण त्या पंधरवड्यात कोणी सोने घेत नाही, आणि नेमकी तेव्हा शाळा भरलेली असते. मुलगा चौथीत असताना मी त्याला चार दिवस हंपीला नेले. मुख्याध्यापकांना खरे कारण लिहून दिले. त्यांनी नाराजी बोलून दाखवली, पण परवानगी दिली. वर्षभरात वडिलांबरोबर सलग चार दिवस काढण्याची माझ्या मुलाची ती पहिली वेळ होती. त्याचा मला आजही पश्चात्ताप नाही. खोटा अर्ज मात्र देऊ नये.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. काल मी दोन्ही वर्गशिक्षिकांना भेटून खरे ते सांगितले. मुलाच्या बाई म्हणाल्या, "खुशाल जा, येताना शंखशिंपले आणायला सांगा, वर्गात दाखवू." मुलीच्या बाईंनी मात्र वही उघडून दाखवली : त्याच आठवड्यात गणिताचा नवा घटक सुरू होणार आहे आणि लगेच चाचणीही आहे. बावड्याच्या बाईंनी लिहिलेले मला तिथेच आठवले.

प्रवास कंपनीकडे पुन्हा चौकशी केली. जूनच्या पहिल्या आठवड्यात केरळात पाऊस सुरू होतो म्हणून दर उतरतात. तीच सहल ६६ हजारांत होईल आणि शाळा उघडण्यापूर्वी आम्ही घरी परत येऊ. पाच हजार जास्त आणि भिजणे पदरात, हे यजमानांना पटले आहे. रेल्वेचे आरक्षण आता ६० दिवस आधी खुले होते, त्यामुळे तिकिटे एप्रिलच्या सुरुवातीला काढू. तो अर्धवट अर्ज मी फाडून टाकला. मुलीने आतापासून छत्र्यांची यादी केली आहे.